संसारांतील हिशेब : खेळाडूच्या कराराचें मोल

आपल्या घरांत पैशाविषयीं बोलण्याची एक जुनी रीत आहे. धान्याचा, दुधाचा, मुलांच्या फीचा हिशेब आपण पैपर्यंत लिहून ठेवतों. पण विद्या, कला, गुण यांच्या मोबदल्याची गोष्ट निघाली कीं आपली जीभ अडखळते. पूजा सांगणाऱ्या गुरुजींस दक्षिणा किती, हें आधीं ठरविणें आपल्याला अप्रशस्त वाटतें. गाणें शिकविणाऱ्या बाईंनीं फीचा आंकडा स्पष्ट सांगितला तर मागाहून घरांत त्याची चर्चा होते. या संकोचांत सौजन्य आहे, हें खरें. पण त्या सौजन्याचा भार बहुधा एकाच पक्षावर पडतो, आणि तो पक्ष म्हणजे ज्याच्या अंगीं गुण आहे तो. खेळाडूच्या बाबतींत तर ही गोष्ट फारच ठळकपणें दिसते. जिंकून आला कीं शाल, श्रीफळ, पेढे आणि भाषणें, करार करावयाची वेळ आली कीं, "देतील तें घ्यावें, जास्त ताणूं नये."

हा विषय आज निघण्याचें कारण, मानखुर्दहून एका वाचक भगिनींचें आलेलें पत्र. घर नऊ माणसांचें, एकत्र. त्यांचे धाकटे दीर अकालीं गेले, तेव्हांपासून त्या दिरांचा मुलगा सर्वांच्या हाताखालीं वाढला. आज तो चोवीस वर्षांचा आहे व मुंबईंतील एका कंपनीच्या हॉकी संघांत बचावपटू म्हणून खेळतो. पहांटे उठून हार्बर मार्गाची गाडी पकडावयाची, छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून चर्चगेटच्या मैदानापर्यंत पायीं जावयाचें, आणि सराव, सामने व कंपनीचें काम आटोपून रात्रीं घरीं यावयाचें, असा त्याचा क्रम आहे.

तीन वर्षांपूर्वीं त्यास दरमहा २५,००० रुपयांवर तीन वर्षांच्या करारानें घेतलें होतें. ती मुदत आतां संपत आली आहे. कंपनीनें दरमहा ३२,००० रुपयांचा, पुन्हां तीन वर्षांचाच करार पुढें केला आहे. आंकडा तिन्ही वर्षें तोच. दुसऱ्या एका शहरांतील संघ ४५,००० देण्यास तयार आहे. पण एका वर्षापुरताच, आणि राहण्याजेवण्याची सोय ज्याची त्यानें पाहावयाची. घरांत तीन मतें आहेत. थोरले दीर म्हणतात, "सात हजारांची वाढ म्हणजे कमी नव्हे, मुकाट्यानें सही कर." चुलतभाऊ म्हणतो, "लीगमध्यें लोकांना अठ्ठ्याहत्तर लाख मिळतात, आणि आपण बत्तीस हजारांवर संतुष्ट?" मामंजींचें म्हणणें, बँकेच्या लिपिकाच्या परीक्षेस वयाची अट अठ्ठावीस वर्षांची आहे, आतांच काठी खुंटीला टांगावी. भगिनी लिहितात, "तिघांपैकीं कोणाचें ऐकावें हें तुम्हीं सांगूं नका, घरांत वितुष्ट येईल. पण योग्य आंकडा काढावयाचा कसा, तेवढें सांगा."

प्रश्न फार समंजसपणानें विचारला आहे. उत्तरही त्याच बेतानें देतों.

प्रथम त्या अठ्ठ्याहत्तर लाखांचा उलगडा करूं. २०१७ च्या हंगामानंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीग पुन्हां सुरू व्हावयाची होती, त्यासाठीं १३ ते १५ ऑक्टोबर २०२४ या तीन दिवसांत नवी दिल्लीस खेळाडूंचा लिलाव झाला. भारताचे कर्णधार हरमनप्रीत सिंग यांस सूरमा संघानें ७८ लाखांस घेतलें, आणि त्या लिलावांतील तो सर्वांत मोठा आंकडा ठरला. वर्तमानपत्रांनीं तो मोठ्या अक्षरांत छापला, हें साहजिकच. पण लिलावाचे नियम छापले गेले बारीक अक्षरांत, आणि आपल्याला उपयोगी आहेत ते नियमच. पुरुषांच्या प्रत्येक संघास खर्चाची मर्यादा ४ कोटींची होती, व त्यांत २४ खेळाडू बसवावयाचे होते. सरळ भागाकार केला तर एकाच्या वांट्यास सुमारें १६ लाख ६६ हजार येतात. एकास ७८ लाख दिले कीं उरलेल्या तेवीस जणांस ३ कोटी २२ लाख, म्हणजे सरासरीनें १४ लाख. त्यांतही परदेशचे नामांकित खेळाडू मोठा वांटा उचलणार. खालच्या बाजूस पाहिलें तर बोलीचा आरंभच २, ५ आणि १० लाख अशा तीन पायऱ्यांवरून होत होता. मुंबईचे गोलरक्षक सूरज करकेरा हे भारताकडून खेळलेले. त्यांस त्या लिलावांत २२ लाख मिळाले. तेव्हां भारताकडून अद्याप न खेळलेल्या मुलानें आपली तुलना कळसाशीं न करतां पायऱ्यांशीं करावी, हें चुलतभावास समजावून सांगावें लागेल.

आणि हे पैसे किती दिवसांच्या खेळाचे? तो हंगाम २८ डिसेंबर २०२४ ला सुरू झाला व १ फेब्रुवारी २०२५ ला संपला. पांच आठवडे! वर्षाच्या उरलेल्या सत्तेचाळीस आठवड्यांची चूल लीग पेटवीत नाहीं. शिवाय आपल्याकडील हॉकीच्या लीगचें आयुष्यही पाहावें. २००५ मध्यें सुरू झालेली प्रीमियर हॉकी लीग २००८ मध्यें संपली. २०१२ ची वर्ल्ड सीरीज हॉकी एकाच हंगामाची सोबतीण ठरली. पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स हीं नांवें आज किती जणांच्या स्मरणांत आहेत? हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ अशी पांच हंगाम चालली व मग सात वर्षांहून अधिक काळ तिचा पत्ता नव्हता. पुनरुज्जीवनानंतरच्या दुसऱ्याच हंगामापूर्वीं यूपी रुद्रास संघानें अंग काढून घेतलें. लीगचा पैसा म्हणजे वळवाचा पाऊस. आला तर हंडे भरून घ्यावे. पण त्यावर शेताचें गणित मांडूं नये.

क्रिकेटचा दाखला तर मनांतून काढूनच टाकावा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावांत ऋषभ पंत या एका खेळाडूस २७ कोटी मिळाले. हॉकीच्या आठही पुरुष संघांची खर्चमर्यादा एकत्र केली तरी ती ३२ कोटी होते. येथें कोणाचे श्रम कमी किंवा अधिक, हा प्रश्नच नाहीं. प्रेक्षकांच्या व जाहिरातदारांच्या पैशाचा जो हौद आहे, त्याच्या आकाराचा हा प्रश्न आहे. वाटणी हौदांतूनच व्हावयाची.

ही हौदाची गोष्ट पाश्चात्यांनीं फार पद्धतशीर केलेली आहे. अमेरिका व कॅनडा या देशांत हॉकी म्हटली कीं ती बर्फावरची. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्यें संघमालक व खेळाडू यांचा वेतनाविषयीं तंटा होऊन २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला, आणि त्यांतून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनास मर्यादा घालण्याचा नियम आला. २०२४-२५ सालीं ही मर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलर होती, व कोणाही एका खेळाडूस तिच्या पंचमांशाहून अधिक देतां येत नाहीं. आपल्या लिलावांतील ७८ लाख हे ४ कोटींचे साडेएकोणीस टक्के होतात, हा योगायोग मोठा बोलका आहे. तेथें खेळाडूचें मोल ठरवितांना दोन गोष्टी पाहतात. एक, त्याच्याच वयाच्या, त्याच जागीं खेळणाऱ्या, तितकीच कामगिरी केलेल्या दुसऱ्या खेळाडूंस काय मिळालें. आणि दोन, कराराची एकूण रक्कम वर्षांनीं भागून दरसाल सरासरी काय पडली. पहिली गोष्ट हवेंतल्या आंकड्यांपासून वांचविते, दुसरी दिखाऊ आंकड्यांपासून. आपल्या मानखुर्दच्या घरासही एवढींच दोन हत्यारें पुरेशीं आहेत.

पण आपल्याकडे खेळाडूच्या आयुष्याचा खरा आधार आजवर लीगचा नव्हता. तो नोकरीचा होता, आणि त्याचा इतिहास मुंबईच्याच मैदानांवर घडला आहे. पुण्याच्या खडकींत जन्मलेले धनराज पिल्ले तरुणपणीं मुंबईस आले ते आपल्या थोरल्या भावाकडे. हे रमेश पिल्ले चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघांतून खेळत. म्हणजे मानखुर्दपासून हा कारखाना हाकेच्या अंतरावरच. धनराज पुढें महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघांत गेले व त्यानंतर इंडियन एअरलाइन्समध्यें. मध्यंतरीं जर्मनी, फ्रान्स, मलेशिया येथील क्लबांकडूनही ते खेळले. चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळलेला हा मनुष्य. पण परदेशीं क्लबांचे करार म्हणजे जोडधान्य, आणि कंपनीची नोकरी म्हणजे कोठारांतलें मुख्य धान्य, हीच रीत त्या काळच्या बहुतेक सर्व खेळाडूंची होती. आज या कोठाराचीही खात्री पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. इंडियन एअरलाइन्स २००७ सालीं एअर इंडियांत विलीन झाली व एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्यें सरकारकडून टाटा समूहाकडे गेली. अनेक ठिकाणीं कायम नोकरीच्या जागीं मुदतीचा करार किंवा नुसतें मानधन आलें. म्हणूनच जुन्या पिढीस ज्या कागदाकडे पाहण्याची गरज पडली नाहीं, तो कागद आजच्या मुलानें ओळ न् ओळ वाचला पाहिजे.

बोलण्याचा संकोच आणि बोलल्याचा परिणाम, या दोन्हींचे दाखलेही याच मंडळींच्या चरित्रांत आहेत. १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत भारतानें सुवर्णपदक जिंकलें. संघाचे कर्णधार धनराजच होते. त्यानंतर पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठीं धनराज व आणखी कांहीं ज्येष्ठ खेळाडू यांस संघांतून वगळण्यांत आलें. अधिकृत कारण विश्रांतीचें होतें; पण परदेशदौऱ्यांत पुरेसें मानधन मिळत नाहीं, असें ते उघड बोलले होते, त्याचेंच हें प्रायश्चित्त, असें पुष्कळांनीं मानलें. दुसरा दाखला २०११ चा. चीनमधील ओर्डोस येथें आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यांत भारतानें पाकिस्तानला हरविलें. विजय निश्चित करणारा शेवटचा फटका मुंबईच्या युवराज वाल्मिकी यांचा. संघ परतल्यावर हॉकी इंडियानें प्रत्येकास २५,००० रुपयांचें बक्षीस जाहीर केलें, आणि खेळाडूंनीं तें नाकारलें. मग केंद्रीय क्रीडामंत्रालयास पुढें येऊन रक्कम वाढवावी लागली. त्या वेळीं मरीन लाइन्स येथील वाल्मिकी यांच्या लहानशा घरांत विजेचा दिवाही नव्हता, ही बातमी वाचून सारी मुंबई हळहळली.

हळहळणें चांगलें, परंतु हळहळीवर कोणाचा संसार चालत नाहीं. सत्कार ही देणाराची इच्छा असते, आणि वेतन हा घेणाराचा हक्क असतो. पहिला विजयानंतर मिळतो, दुसऱ्याचा आंकडा खेळापूर्वीं लिहावा लागतो. या दोहोंची गल्लत होते तेव्हां खेळाडू जिंकूनही याचक ठरतो. आमच्या मतें खेळाडूच्या करारांत पाहावयाचें मुख्य तत्त्व हेंच. बाकीचें सारें अंकगणित आहे. आणि तें अंकगणित आतां करूं.

तीन वर्षांपूर्वींचे २५,००० रुपये आज किती? महागाई दरसाल पांच टक्क्यांनीं धरली, तर तितकीच वस्तु विकत घेण्यास आज सुमारें २८,९४० रुपये लागतात. म्हणजे मुलगा तीन वर्षांत तसूभरही सुधारला नसता, तरी २९,००० हा त्याचा उभ्या जागचा पगार होय. कंपनीचे ३२,००० याच्या वर तीनच हजार आहेत. सात हजार नव्हेत. आणि हा आंकडा तीन वर्षें न हलणारा आहे. तिसऱ्या वर्षाच्या ३२,००० ची आजच्या भावानें किंमत काढली तर ती येते सुमारें २९,०२५. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षीं, सहा वर्षांच्या अनुभवानंतर, हा मुलगा नेमका तेथेंच असेल, जेथें तो एकविसाव्या वर्षीं नवखा म्हणून उभा होता. थोरल्या दिरांस ही वाढ वाटते; वहींत ती वाढ दिसत नाहीं.

आतां सुधारणेचें मोल. भगिनी लिहितात कीं पहिल्या वर्षीं तो राखीव खेळाडू होता. गेलीं दोन वर्षें तो पहिल्या अकरांत असतो, आणि पेनल्टी कॉर्नरचा फटकाही आतां त्याच्याकडेच सोपविलेला आहे. ही शेवटची बाब त्यांनीं जातां जातां लिहिली आहे, परंतु साऱ्या पत्रांत मोलाची तीच. २०२४ च्या लिलावांत बाजारानें कोणत्या कसबास पैसा दिला तें पाहा. हरमनप्रीत यांस ७८ लाख, अर्जेंटिनांत जन्मलेल्या गोन्झालो पेयात यांस ६८ लाख, नेदरलँड्सच्या यिप यान्सन यांस ५४ लाख. महिलांत नेदरलँड्सच्याच यिब्बी यान्सन यांस २९ लाख. हे सर्व पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारे. मैदानांत धांवणारे पुष्कळ मिळतात. कोंडलेला सामना एका फटक्यानें सोडविणारा थोडा मिळतो, आणि टंचाई तेथें भाव, हा नियम मंडईंत जितका खरा तितकाच मैदानावर. संघांत कायमची जागा आणि हें विशेष कसब, या दोहोंसाठीं पंचवीस टक्के धरले, तर २८,९४० चे सुमारें ३६,००० होतात. हा पंचवीसचा अंदाज बरोबर कीं चूक, हें पडताळण्याचा उपाय सोपा आहे. मुंबईंतील इतर कंपन्यांच्या संघांतले त्याच्या वयाचे दोन-तीन बचावपटू त्याच्या परिचयाचे असणारच. त्यांस काय मिळतें, हें त्यानें विचारावें. खेळाडू परस्परांस पगार सांगण्यास लाजतात, आणि त्या लाजेचा नफा तिसऱ्याच्या खिशांत जातो.

मग पाहावयाचा तो कराराचा प्रकार. कागदावर "वेतन" लिहिलें आहे कीं "मानधन"? शब्द लहान, पण फरक मोठा. कायम नोकराच्या मूळ वेतनावर कंपनी पूर्णपणें भविष्यनिर्वाह निधि भरीत असेल, तर ते बारा टक्के. आणि उपदानाचा वार्षिक बोजा पंधरा दिवसांच्या वेतनाचा, म्हणजे सुमारें पावणेपांच टक्के. हीं दोन मिळून जवळजवळ सतरा टक्के झाले. यास्तव २८,००० मूळ वेतनाची कायम नोकरी ही ३२,००० च्या कोऱ्या मानधनापेक्षां अधिक मोलाची ठरते. कारण तिची खरी बेरीज ३२,७०० च्या आसपास जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणें मुदतीच्या करारावरील नोकरासही एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळतो. पण त्यासाठीं तो नोकर ठरला पाहिजे. मानधनाच्या कागदावर तो स्वतंत्र व्यावसायिक ठरूं शकतो, आणि मग निधिही नाहीं व उपदानही नाहीं. तेव्हां हे दोन्ही हक्क करारांत असतील तर ३६,०००, आणि नसतील तर ४२,०००, असा आपला आंकडा ठेवावा.

बाहेरगांवच्या ४५,००० चें काय? नव्या शहरांत खोली व जेवण यांस महिना बारा हजार सहज लागतील. उरले तेहतीस हजार. तेरा हजारांनीं मोठा दिसणारा आंकडा घरच्या बत्तीस हजारांहून एका हजारानेंच मोठा निघाला. आणि वर्ष संपल्यावर पुढें काय, यावर तो करार मौन धरून आहे. तथापि हें दुसरें बोलावणें निरुपयोगी नव्हे. मुलास बाजारांत मागणी आहे, याचा तो लेखी पुरावा आहे. बोलणीं करतांना तो धमकीसारखा पुढें आपटूं नये. पण दप्तरांतही ठेवूं नये.

सर्वांत अवघड आंकडा दुखापतीचा. हॉकी खेळणाराच्या गुडघ्यांतील मुख्य बंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर मैदानावर परतण्यास सुमारें नऊ महिने लागतात. नऊ महिने वेतन बंद राहिलें तर ३६,००० च्या हिशेबानें ३ लाख २४ हजार बुडाले. शस्त्रक्रियेचा खर्च वेगळाच. आणि आपण भांडून मिळविणार ती वाढ किती? ३६,०००, मग ३८,५००, मग ४१,००० अशी चढती वर्षें धरलीं तर तिन्ही वर्षांची बेरीज १३ लाख ८६ हजार होते. कंपनीच्या ३२,००० ची ११ लाख ५२ हजार. फरक २ लाख ३४ हजारांचा. म्हणजे दुखापतीचें एक कलम हें साऱ्या वाढीपेक्षां वजनदार आहे. "खेळतांना अगर सरावांत दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कंपनी करील व बरा होईपर्यंत, कराराच्या मुदतींत, वेतन चालू राहील", एवढें एक वाक्य लिहून मिळत असेल, तर दोन हजार कमी घेऊन चौतीसांवर सही करण्यास आमची हरकत नाहीं. त्या वाक्यावांचून मात्र चाळीसांवरही करूं नये.

राहिलें मामंजींचें म्हणणें. तें धुडकावण्यासारखें नाहीं. तें करारांत घालण्यासारखें आहे. तीन वर्षांचा करार संपेल तेव्हां मुलगा सत्तावीस वर्षांचा असेल व परीक्षेची दारें मिटण्यास एकच वर्ष उरलेलें असेल. हॉकीपटू साधारण बत्तिसाव्या वर्षापर्यंत खेळतो. धनराज छत्तिसाव्या वर्षीं अथेन्सचें ऑलिंपिक खेळले, पण तें उदाहरण अपवादाचें. खेळानंतर पंचवीस-तीस वर्षें कमावावयाचीं राहतात. म्हणजे कंपनी केवळ त्याचा खेळ विकत घेत नाहीं. दुसऱ्या मार्गानें जाण्याचीं त्याचीं तीन वर्षेंही ती घेते. त्याची भरपाई पैशांत मागण्यापेक्षां शब्दांत मागावी. एक तर करार दोन वर्षांचा करावा. किंवा तीन वर्षांचाच हवा असेल, तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कायम नेमणुकीचा विचार होईल व निर्णय लेखी कळविला जाईल, असें कलम घालावें. निर्णय नकारार्थी आला, तरी परीक्षेस दोन वर्षें हातीं राहतात.

आणखी दोन लहान मागण्या विसरूं नयेत. लीगचें किंवा राज्याच्या संघाचें बोलावणें आलें तर पगारी रजा मिळावी. आणि काठ्या, बूट, पायांचीं संरक्षणें कंपनीनें द्यावीं. भगिनींच्या घरीं या साहित्यावर व खुराकावर महिन्यास चार-पांच हजार जातात, असें त्या लिहितात. हा खर्च आजवर दुधा-किराण्याच्या हिशेबांत लपून राहिला आहे. तो वेगळा काढला तर बत्तीस हजारांचे सत्तावीसच उरतात, हें थोरल्या दिरांच्या ध्यानांत येईल.

बोलणीं कोणीं करावीं? मुलानें स्वतः; थोरल्या काकांनीं शेजारीं बसावें, पण बोलावें त्यानेंच. सही त्याची आहे. आधीं मसुदा घरीं आणून सर्वांनीं वाचावा. त्यास आठ-दहा दिवस मागून घ्यावे. नंतर पत्र लिहावें, तें कृतज्ञतेनें सुरू करून आंकड्यांनीं संपवावें. "आपण मला संधि दिलीत हें मी विसरणार नाहीं, गेल्या दोन वर्षांचा माझा खेळ सोबतच्या तक्त्यांत दिला आहे, त्यावरून पुढील अटींचा विचार व्हावा", इतक्या सभ्य शब्दांत मागितलेलें वेतन कोणी उद्धटपणा म्हणत नाहीं. चौतीस ते छत्तीस हजार, वर्षाकांठीं सात टक्के वाढ, दुखापतीचें कलम, आणि कायम नेमणुकीचा विचार: एवढें पदरांत पडलें तर करार न्याय्य झाला असें समजून पेढे वांटावेत. आंकडा मिळाला पण कलमें नाकारलीं गेलीं, तर पेढ्यांची घाई करूं नये.

त्या पत्राच्या तळाशीं एक ओळ आहे: "त्याची चुलतबहीणही कॉलेजच्या संघांत खेळते, पण तिचा प्रश्न तूर्त नाहीं." आम्हांस वाटतें, तो आहे. २०२४ मध्यें महिलांच्या संघांची खर्चमर्यादा २ कोटींची, पुरुषांच्या बरोबर निम्मी होती. तरीही बंगालच्या संघानें उदिता दुहान यांस ३२ लाखांस घेतलें. आपल्या सातारा जिल्ह्यांतून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे या मुली भारतीय संघापर्यंत पोहोंचल्या. हौद लहान आहे म्हणून मुलीचा हिशेब ठेवावयाचा नाहीं, असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे? उलट जेथें पैसा थोडा, तेथें पुरावा अधिक लागतो.

म्हणून दोघांच्याही नांवें एकेक वही घालावी. तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, किती वेळ खेळलों, पेनल्टी कॉर्नर किती घेतले व गोल किती झाले, दुखापत कोणती व उपचार काय, खर्च किती. रात्रीं जेवणानंतर पांच मिनिटांचें काम. किराण्याच्या वहीइतकीच ही वहीही जपावी. पुढील कराराच्या वेळीं घरांत तीन मतें होतीलच, कारण एकत्र कुटुंबाचा तो धर्मच आहे; पण तीं मतें त्या वेळीं एका कागदावर बोट ठेवून मांडतां येतील.